खेळात करियर करायचंय? आमच्या खो-खोच्या सरांनी काय काय करून घेतलं ते वाचा

"मॅडम, खेळून पुढं काय होतं?" हा प्रश्न मला दर जून-जुलैला येतो, जास्त करून नववी-दहावीच्या पोरींकडून, आणि पोरीपेक्षा तिच्या आईलाच उत्तर पाहिजे असतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातली, मांजरा नदीकाठच्या गावातली. बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) करून आता शाळेत खेळ शिकवते. स्टेटपर्यंत खेळले पण मेडल नाही आलं, म्हणजे सरकारी नोकरीत खेळाडूंना जे 5 टक्के आरक्षण असतं त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही. तरी पण आज जे काय चाललंय ते हायस्कूलच्या सरांच्या जिवावर चाललंय, आणि त्यांनी मेडलपेक्षा भलत्याच गोष्टींवर मेहनत घेतली होती.

पहिली गोष्ट म्हणजे बसणं. खो-खोत आठजणी पाटीवर (मैदानात आखलेल्या आडव्या पट्टीवर) बसतात, एकीचं तोंड इकडं तर दुसरीचं तिकडं, आणि पळायला तर सगळ्यांनाच आवडतं पण सर आम्हाला नुसतं बसायला आणि खो मिळाला की उठायला लावायचे. "अगं काय करायलीस, खो मिळाल्यावर पाय शोधतीस का?" हे वाक्य अख्ख्या टीमला पाठ होतं. एकदा दिशा घेतली की खुंटापर्यंत (टोकाच्या खांबापर्यंत) माघारी फिरता येत नाही, म्हणून पहिलं पाऊल चुकलं की समोरची गेलीच म्हणून समजा. तेव्हा लई कंटाळा यायचा, पण आमच्यातली एकजण पोलीस भरतीला उतरली तेव्हा 100 मीटरच्या स्टार्टला तेच उठणं कामाला आलं. (मुलींना मैदानी चाचणी 50 मार्कांची असते, 800 मीटरला 20, 100 मीटरला 15 आणि गोळाफेकीला 15. गोळ्याचं मात्र तिला वेगळं शिकावं लागलं, आमचे सर त्यात कच्चे.)

2016 चा दुष्काळ आठवत असंल, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ते वर्ष. प्यायलाच पाणी नाही तर मैदानावर कुठून मारणार, ग्राउंड दगडासारखं झालेलं, डाइव्ह मारली की कोपर सोलून निघायचं. सरांनी आम्हाला सरळ मांजरेच्या कोरड्या पात्रात नेलं, वाळूत फक्की (पांढरी पूड) टाकून पाट्या आखल्या, आणि खुंटावरची डाइव्ह आम्ही तिथं शिकलो. वाळूत पळून पोटऱ्या भरून यायच्या ते वेगळंच. त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) सारिका काळेच्या कॅप्टनशिपमध्ये भारतीय मुलींनी दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचं गोल्ड मारलं होतं (2020 ला तिला अर्जुन पुरस्कारही मिळाला), आणि सर पेपरचं कात्रण खिशात घेऊन पोरींच्या घरोघर फिरायचे. आमच्या आप्पांना म्हणाले, "पोरगी लातूरला विभागाची मॅच खेळायला येणार, सोबत आमच्या मॅडम आहेत, संध्याकाळी दारात आणून सोडतो." आणि सोडायचे.

आता सर्टिफिकेटांची फाइल. सगळ्या पोरी इथंच गंडतात. सर्टिफिकेट हातात पडलं की सर तिथंच, गाडीत बसायच्या आधी, नाव, जन्मतारीख, वयोगट, स्पर्धेचं वर्ष वाचून घ्यायचे आणि स्पेलिंग शाळेच्या रेकॉर्डसारखं नसलं तर तिथल्या तिथं दुरुस्त करून आणायचे. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणाऱ्या सवलतीच्या मार्कांसाठी प्रस्ताव शाळेमार्फत जातो, तेव्हा हे कागद लागतात. नोकरीच्या कोट्यासाठी तर सर्टिफिकेटची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून करून घ्यावी लागते, आणि कोणत्या पदाला कोणत्या लेवलचं मेडल चालतं ते वेगवेगळं असतं, म्हणून जाहिरात निघाल्यावर धावपळ करू नका, फाइल आधी तयार ठेवा. स्पर्धा अधिकृत आहे का तेही बघा, कुठल्याही "नॅशनल" नावाच्या स्पर्धेला पैसे भरून जाऊ नका.

माझ्यासारखं मेडल नसलं तर बीपीएडचा रस्ता आहे, ग्रॅज्युएशननंतर दोन वर्षांचा कोर्स, सीईटी (प्रवेश परीक्षा) द्यावी लागते आणि त्यात मैदानावरची चाचणी पण असते. कोचच व्हायचं असंल तर पतियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) डिप्लोमा बघा. शाळेतल्या जागा लई निघत नाहीत हे खरंय, खोटं कशाला सांगू, मी पण आधी मानधनावरच होते.

सरांचे उपकार मानायचे म्हणलं तर ते विषयच बदलतात, म्हणून मी आता माझ्या पोरींना पाटीवर बसवून बसवून कंटाळा आणते.

तुमच्या शाळेत असं कोणी नसंल तर जिल्ह्याच्या नाहीतर तालुक्याच्या क्रीडा संकुलात चार-पाच संध्याकाळी नुसतं जाऊन बसा. कोण स्वतः फक्की घेऊन मैदान आखतंय, कोण बारक्या पोरींकडं पण लक्ष देतंय ते बघा. आणि मुलींची टीम बाहेरगावी गेली की सोबत बाईमाणूस असतं का, हे आईला घेऊन जाऊन पहिल्याच दिवशी विचारा, चांगल्या कोचला त्याचा राग येत नाही.