टर्बो बग्गीत पेट्रोल भरताना: ९१ म्हणजे नक्की कोणतं ९१?

टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेली ऑफ-रोड बग्गी असो, एटीव्ही असो की स्नोमोबिल, तिच्यासाठी पेट्रोल निवडणं हे पाच मिनिटांचं काम आहे. त्यात एकच आकडा नीट वाचावा लागतो, आणि नेमका तोच सर्रास चुकीचा वाचला जातो. 'सगळ्यात महाग असेल ते भरा' हा सल्ला कितीही पसरला असला तरी अर्धवट आहे. महाग पेट्रोल जुनं असू शकतं, त्यात इथेनॉल जास्त असू शकतं, आणि त्याचं ऑक्टेन, म्हणजे ठिणगीआधी आपसूक न पेटण्याची क्षमता, तुमच्या गाडीला लागतं तेवढं असेलच असंही नाही.

१. दोन आकडे लिहून घ्या

मॅन्युअलमधलं इंधनाचं पान आणि टाकीच्या झाकणाजवळचा स्टिकर पाहा. किमान ऑक्टेन आणि इथेनॉलची कमाल टक्केवारी, एवढंच हवं. 'किमान' आणि 'शिफारस' असे दोन वेगळे आकडे असतील, तर टर्बो गाडीसाठी शिफारशीचा आकडा हाच किमान धरा. त्याच मॉडेलच्या बिनटर्बो गाडीचा आकडा इथे लावू नका.

२. आकडा कोणत्या मापातला आहे ते ठरवा

सगळी गफलत इथे होते. ऑक्टेन मोजायच्या पद्धती एकाहून जास्त आहेत आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा येतो. आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) काढताना चाचणीचं इंजिन ६०० आरपीएमवर चालवतात आणि आत जाणारी हवा साधारण ५२ अंश सेल्सिअस ठेवतात. एमओएनची (मोटर ऑक्टेन नंबर) परीक्षा कडक असते: ९०० आरपीएम आणि मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवलेलं. त्यामुळे त्याच पेट्रोलचा एमओएन आरओएनपेक्षा साधारण ८ ते १० ने कमी भरतो. तिसरा आकडा एकेआय (अँटी-नॉक इंडेक्स), म्हणजे या दोघांची सरासरी. अमेरिका आणि कॅनडात पंपावर एकेआय लिहितात. युरोपात, ऑस्ट्रेलियात आणि आशियात बहुतेक ठिकाणी आरओएन लिहितात.

म्हणजे एकच पेट्रोल एका पंपावर ९५ आणि दुसऱ्या पंपावर ९१ म्हणून विकलं जातं. ढोबळ हिशेब असा:

८७ एकेआय म्हणजे साधारण ९१ आरओएन
९१ एकेआय म्हणजे साधारण ९५ ते ९६ आरओएन
९३ एकेआय म्हणजे साधारण ९८ आरओएन

आता घात कुठे होतो ते पाहा. या गाड्यांची मॅन्युअलं बरेचदा उत्तर अमेरिकेसाठी लिहिलेली असतात. 'किमान ९१' वाचून माणूस पंपावर जातो, तिथे ९१ लिहिलेलं दिसतं आणि तो निर्धास्तपणे टाकी भरतो. पण मॅन्युअलमधलं ९१ एकेआय असतं आणि पंपावरचं आरओएन. भरलं गेलं ते ८७ एकेआय, म्हणजे चार आकडे कमी. शिवाय ९१ ला ९१ जुळलेलं दिसतं, त्यामुळे पुन्हा तपासायची गरजच वाटत नाही. मॅन्युअलमध्ये ९१ च्या शेजारी एकेआय, आरओएन किंवा 'आर अधिक एम भागिले दोन' यांपैकी काय लिहिलंय ते सापडेपर्यंत टाकीचं झाकण उघडू नका. काहीच लिहिलेलं नसेल तर ९१ हे एकेआय समजा आणि ९५ आरओएनच्या खाली जाऊ नका.

चार आकड्यांनी एवढं काय बिघडतं? टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. ३० अंशांची हवा एक बार बूस्टला, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा एक बार जास्त दाबाला, दाबली की टर्बोतून बाहेर पडताना ती १०० अंशांच्या वर गेलेली असते. इंटरकूलर त्यातली बरीच उष्णता काढतो, सगळी नाही. हे गरम, दाट मिश्रण पिस्टन आणखी दाबतो. प्लगची ठिणगी पडल्यावर ज्वाळा पसरत असताना कोपऱ्यात उरलेलं मिश्रण आपसूक पेटलं, तर दाबाचा हातोडा बसतो. हेच नॉकिंग. नॉक सेन्सर ते पकडतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, टायमिंग मागे घेतो (ठिणगी उशिरा पाडतो), काही गाड्यांत बूस्टही कमी करतो. गाडी मंदावते, एक्झॉस्टचं तापमान चढतं. कमी ऑक्टेनची भरपाई सेन्सर करतोच, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. नॉकिंग झाल्यावरच सेन्सरला ते कळतं. वाळूच्या चढावर पूर्ण रेस दिलेली असताना असे ठोके पुन्हा पुन्हा बसले, की पिस्टनच्या दोन रिंगांमधली अरुंद कड तुटते. आणि डोक्यावर हेल्मेट, टायरखाली खडी आणि मागे सीव्हीटीचा (पट्ट्यावर चालणाऱ्या गिअरबॉक्सचा) आवाज असताना नॉकिंगची टिकटिक ऐकू येणं जवळपास अशक्य असतं.

३. इथेनॉल तपासा

बहुतेक टर्बो बग्ग्यांना १० टक्के, म्हणजे ई१० पर्यंतची परवानगी असते. ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशाच, गाडीत कधीही भरू नका. त्याचं ऑक्टेन चांगलंच वरचं असलं तरी साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १ लागतं आणि ई८५ ला साधारण ९.८ ला १. इंजेक्टर आणि पंप तेवढं जास्तीचं इंधन पुरवू शकत नाहीत, मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं, आणि पिस्टन जळतो.

पंपावरच्या लेबलची शंका आली तर मोजून पाहा. १०० मिलीच्या झाकणाच्या मोजपात्रात १० मिली पाणी घ्या, त्यात खाण्याच्या रंगाचा थेंब टाका आणि १०० च्या रेघेपर्यंत पेट्रोल भरा. झाकण लावून हलवा, मध्येच झाकण सैल करून वाफ सोडा आणि दहा मिनिटं ठेवून द्या. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, त्यामुळे खालचा रंगीत थर वाढतो. रेघ १० वरून १९ च्या आसपास गेली तर ९० मिलीत ९ मिली इथेनॉल, म्हणजे १० टक्के. २८ वर गेली तर २० टक्के. हे उघड्यावर करा, आजूबाजूला आग नको, आणि तपासलेला नमुना परत टाकीत ओतू नका.

४. उंचीमुळे ऑक्टेन कमी करू नका

उंच डोंगराळ भागात काही पंपांवर ८५ एकेआयसुद्धा मिळतं. हवा विरळ असल्यामुळे बिनटर्बो इंजिनाला तिथे कमी ऑक्टेन पुरतं, आणि हा सल्ला टर्बोवाल्यांनाही दिला जातो. तो साफ चुकीचा आहे. टर्बो विरळ हवाही जास्त दाबून बूस्ट भरून काढतो, म्हणजे हवा उलट जास्त तापते. आकडा तोच ठेवा.

ईसीयूची ट्यून (इंजिन चालवायची सेटिंग) बदलली असेल तर मॅन्युअलमधला आकडा रद्द. ट्यून करणाऱ्याने दिलेला आकडा मापासकट लेखी घ्या.

५. भरताना

गिऱ्हाईक जास्त असलेला पंप निवडा, तिथलं पेट्रोल ताजं असतं. सगळ्या ग्रेडना एकच नळी असेल तर आधीच्या माणसाचं एखादं लिटर तुमच्याकडे येतं. टाकीत ते खपून जातं, पाच लिटरच्या कॅनमध्ये खपत नाही. तेव्हा आधी गाडीत भरा, मग कॅनमध्ये. कॅन जमिनीवर ठेवूनच भरा, ट्रकच्या हौद्यात ठेवून नाही. स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

६. चुकीचं भरलं गेलं तर

४० लिटरच्या टाकीत ९१ आरओएन २० लिटर आहे आणि वरून ९८ चं २० लिटर घातलं, तर मिळतं साधारण ९४.५. अजूनही ९५ नाही. म्हणून 'अर्धी टाकी चांगलं घाला' म्हणण्याआधी हा हिशेब करा. तोवर जड रेस देऊ नका, चढ टाळा. निम्म्याहून जास्त टाकी चुकीच्या पेट्रोलची असेल तर ते काढून घेतलेलं बरं.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटलीवर विसंबू नका. 'पाच पॉइंट वाढ' असं लिहितात तेव्हा बरेचदा एक पॉइंट म्हणजे ०.१ असतं, म्हणजे ९१ चं ९१.५. काही बाटल्यांमधलं मॅंगनीज किंवा लोखंडाचं संयुग प्लगवर तांबूस थर धरतं. विमानाचं १०० एलएल पेट्रोल त्याहून वाईट, कारण त्यात शिसं असतं. ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) त्याने कायमचे निकामी होतात.

७. साठवण

गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी जवळपास भरून ठेवा, स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं रसायन) घाला आणि इंजिन दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. ई१० साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकतं, ४० लिटरमागे २०० मिली. थंडीत त्याहून कमी. त्यापुढे पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, जिथून पंप इंधन ओढतो, आणि वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेन दोन-तीन आकड्यांनी उतरलेलं असतं. काचेच्या बरणीत घेतलेल्या नमुन्यात दोन थर दिसले तर ढवळून किंवा औषध घालून वेळ मारून नेऊ नका. सगळं उपसून काढा.

८. प्लग पाहा

नव्या पंपाचं पेट्रोल भरलं की पहिल्या टाकीनंतर प्लग काढून भिंगाखाली धरा. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके किंवा चकचकणारे बारीक दाणे दिसले तर नॉकिंग झालेलं आहे, आणि ते दाणे पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे आहेत. गाडी तिथेच थांबवा. इंटरकूलर चिखलाने भरलाय का ते पाहा, कारण त्याने बरोबर ऑक्टेनचं पेट्रोलही ठोकतं. तो स्वच्छ असेल तर टाकी रिकामी करा, आणि पुन्हा भरण्याआधी सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या.