कर्जफेडीचा आराखडा चौथ्या महिन्यात का मोडतो? या चुका टाळा

कर्जाचा हिशेब घेऊन कोणी समोर बसलं की बेरीज-वजाबाकीत सहसा चूक सापडत नाही. व्याज किती, हप्ता किती, सगळं मोबाईल काढून देतो. तरीही असे आराखडे चौथ्या-पाचव्या महिन्यात मोडताना मी इतक्यांदा पाहिलेत की आता कागद हातात घेतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा आराखडा कुठल्या महिन्यावर बेतलाय? उत्तर जवळजवळ नेहमी एकच. पगार नुकताच झालाय, मोठा खर्च काही आलेला नाही आणि मन उत्साहाने भरलंय, अशा महिन्यावर. वर्षात असे महिने फार तर तीन-चार येतात. कर्ज मात्र बाराही महिने फेडायचं असतं.

सगळ्यात महाग चूक: चांगल्या महिन्यावर आराखडा बेतणं

माझ्या एका सहकाऱ्याची गोष्ट सांगतो. एक वैयक्तिक कर्ज, दोन क्रेडिट कार्डं आणि एका मित्राकडून घेतलेले हातउसने पैसे, एवढं त्याच्या डोक्यावर होतं. पगाराचा साधारण 35 टक्के भाग हप्त्यांत जात होता. एका रविवारी त्याने ठरवलं की आता 60 टक्के द्यायचे आणि चौदा महिन्यांत मोकळं व्हायचं. एक्सेलमध्ये तक्ता केला, रंग भरले, शेवटच्या ओळीत शून्य आलं. मला दाखवला तेव्हा मी एवढंच विचारलं, "विम्याचा हप्ता कुठंय?" तो म्हणाला, "तो वर्षातून एकदाच येतो, तेव्हा बघू."

पहिले दोन महिने तक्त्याप्रमाणे गेले. तिसऱ्या महिन्यात विमा आला. चौथ्यात मुलीच्या शाळेची फी आली आणि त्याच आठवड्यात गाडी बंद पडली. दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तसं झालं. हातात शिल्लक काहीच नव्हती, कारण उरलेला पै न पै हप्त्यांत गेला होता. मग रिकामं केलेलं कार्डच पुन्हा बाहेर आलं. सहाव्या महिन्यात एकूण कर्ज सुरुवातीपेक्षा जास्त झालं होतं आणि त्याने ती फाईल उघडणंच बंद केलं. त्याचं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं. पैसे गेले ते गेलेच, पण "आपल्याला हे जमत नाही" असं त्याने मनाशी ठरवून टाकलं आणि पुढचं जवळजवळ वर्षभर किमान रक्कम भरण्यापलीकडे काही केलं नाही.

नंतर आम्ही त्याचं मागच्या वर्षाचं बँक स्टेटमेंट घेऊन बसलो. विमा त्याच महिन्यात होता. फी त्याच महिन्यात होती. गाडीवर वर्षातून दोनदा खर्च झालेला होता. ज्याला तो अचानक आलेला खर्च म्हणत होता, त्यातलं जवळपास सगळं आदल्या वर्षीही आलेलं होतं. त्याचं उत्पन्न आणि राहणी काहीही बदललेलं नव्हतं, फक्त आराखड्यात हे खर्च घेतलेले नव्हते.

हा दोष त्याचा एकट्याचा नाही. ब्युलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांचा 1994 सालचा एक अभ्यास आहे. विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल? सरासरी अंदाज आला सुमारे 34 दिवस. सगळंच बिघडलं तर किती लागतील, असं विचारल्यावर सुमारे 49. प्रत्यक्षात लागले सरासरी 55 हून जास्त. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजसुद्धा कमी पडला. पैशाचा आराखडा करतानाही आपलं डोकं असंच चालतं, म्हणून माझा "मला अंदाज आहे" या वाक्यावर विश्वास नाही.

मी करतो ते असं. बारा महिन्यांचं स्टेटमेंट छापून घ्यायचं. तीन महिन्यांचं पुरत नाही, वार्षिक खर्च त्यातून निसटतात. दरमहा न येणारा प्रत्येक खर्च लाल पेनाने अधोरेखित करायचा, त्यांची बेरीज करायची आणि 12 ने भागायचं. येणारी रक्कम पाहून बहुतेकांचा चेहरा उतरतो. ती दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकायची, हप्ता वाढवण्याच्या आधी. एवढं करून जे उरेल त्यातला तीन चतुर्थांशच वाढीव हप्त्याला लावायचा. कोणी म्हणेल, ही फारच सावध चाल झाली. आहेच. सहकाऱ्याचा दुसरा आराखडा असाच अडीच वर्षांचा झाला. मध्ये दोन वाईट महिने आले, तरी तो मोडला नाही. ठरल्यापेक्षा थोडा उशिरा, पण कर्ज फिटलं.

ज्यांना सहा महिन्यांत सगळं संपवायचं असतं त्यांची घाई मला समजते. कर्ज डोक्यावर असलं की झोप लागत नाही, आणि कसंही करून ते उतरवावंसं वाटतं. पण ज्या घाईने कर्ज झालं त्याच घाईने फेडायला निघालेली माणसं हमखास परत कार्डावर येतात.

किमान रक्कम भरून "हप्ता चुकला नाही" असं समाधान मानणं

या चुकीवर मी कितीही वेळा बोलायला तयार आहे, कारण ती करणारी माणसं नियमित असतात, प्रामाणिक असतात आणि वर्षानुवर्षं भरत राहतात.

समजा कार्डावर 1,00,000 थकलेत. व्याज महिन्याला 3 टक्के, किमान रक्कम बिलाच्या 5 टक्के. नवी खरेदी शून्य. पहिलं बिल व्याजासह 1,03,000 चं येतं, किमान रक्कम 5,150. ती भरली की थकबाकी 97,850 होते. भरले पाच हजारांवर, कमी झाले 2,150. पुढच्या महिन्यात थकबाकी थोडी कमी, म्हणून किमान रक्कमही थोडी कमी. खरा घात इथेच आहे. तुम्ही भरत असलेली रक्कम थकबाकीबरोबर घटत जाते आणि शेवट पुढे पुढे सरकत राहतो. असं 32 महिने केलं तर एकूण सुमारे 1,20,000 भरून होतात, आणि कार्डावर अजून जवळपास 50,000 उभे असतात.

आता एकच बदल करा. पहिल्या महिन्याचे 5,150 कायम ठेवा. बिलावर किमान रक्कम कितीही कमी छापून येवो, आपण 5,150 च भरायचे. तेच कार्ड, तेच व्याज, आणि 30 व्या महिन्यात थकबाकी शून्य. एकूण भरणा सुमारे 1,52,000. पगार वाढलेला नाही, पोटाला चिमटा काढलेला नाही. फक्त रक्कम कमी होऊ दिलेली नाही.

म्हणून माझा आग्रह असा की आराखड्यात "किमान रक्कम" हे शब्दच येऊ नयेत. प्रत्येक कर्जापुढे एक ठाम आकडा लिहा आणि पगार होईल त्याच दिवशी तो खात्यातून आपोआप जाईल अशी सूचना बँकेला द्या. महिनाअखेरीस उरेल ते भरू, हे माझ्या पाहण्यात कोणाला जमलेलं नाही.

याला चिकटून येणारी दुसरी चूक म्हणजे त्याच कार्डावर रोजचा खर्च चालू ठेवणं. बऱ्याच कार्डांवर मागची थकबाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतं. फेडत असलेलं कार्ड पाकिटातून काढा आणि ऑनलाइन दुकानांच्या ॲपमधून त्याचा नंबरही काढून टाका. हे दुसरं काम माणसं विसरतात.

सगळी कर्जं एकत्र केली, हप्ता कमी झाला, म्हणजे प्रश्न सुटला

कर्जं एकत्र करायला माझा विरोध नाही. पण हप्ता कमी झाला की कर्ज स्वस्त झालं, या समजुतीला आहे. 2,00,000 कर्ज, 24 टक्के दर, 2 वर्षं: हप्ता सुमारे 10,574, एकूण व्याज सुमारे 53,800. ते मोडून 16 टक्क्यांनी 5 वर्षांचं नवं कर्ज घेतलं: हप्ता सुमारे 4,864, एकूण व्याज सुमारे 91,800. दर आठ टक्क्यांनी उतरला आणि व्याज 38,000 ने वाढलं, कारण मुदत लांबली.

फायदा घ्यायचा तर नव्या कर्जावरही जुनेच 10,574 भरत राहा. ते 22 महिन्यांत फिटतं आणि व्याज 32,000 च्या आसपास राहतं. त्यासाठी मुदतीआधी पैसे भरायला दंड आहे का आणि प्रक्रिया शुल्क किती, हे सही करण्याआधी लेखी विचारा. रिकामी झालेली कार्डं त्याच आठवड्यात बंद करायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊच नका. कार्डं पुन्हा भरलेली आणि वर नवं कर्ज, अशी घरं मी पाहिली आहेत.

आता थोडक्यात

उसनवारी यादीत न धरणं. मित्राचे, बहिणीचे पैसे व्याजाचे नसतात, पण ते परत करायचे असतात, आणि ते नेमके तुमच्या वाईट महिन्यातच मागितले जाण्याची शक्यता असते.

जोडीदारापासून कर्ज लपवणं. घरातल्या एकाला आराखडा माहीत नसेल तर तो खर्चाचा निर्णय आंधळेपणानेच घेणार. संकोच वाटतो, मान्य आहे. तरीही सांगा, आणि आकडा पूर्ण सांगा. अर्धा सांगितला तर पुढचा अर्धा सांगणं दुप्पट अवघड होतं.

फ्लॅट दराला भुलणं. 1,00,000 कर्ज, 3 वर्षं, "फक्त 10 टक्के फ्लॅट": व्याज 30,000, हप्ता 3,611. तुम्ही मुद्दल फेडत जाता, तरी व्याज पूर्ण लाखावरच चालू राहतं. घटत्या शिलकेच्या हिशेबाने, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तर, हा दर सुमारे 18 टक्के पडतो. दोन कर्जांची तुलना करताना दोन्ही दर एकाच पद्धतीचे आहेत ना, एवढं तपासा.

कर्ज चालू असताना शेअरमध्ये झटपट कमवून फेडण्याचा विचार. 36 टक्के व्याज थांबवणं हा 36 टक्के खात्रीचा परतावा आहे. तेवढी खात्री बाजारात कोणीही देत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून लांब राहा.

आधी कुठलं कर्ज फेडायचं यावर महिनोन्‌महिने वाद घालणं. बाकीच्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवून सगळ्यात जास्त दराचं आधी, हे गणिताचं उत्तर आहे आणि मीही तेच सांगतो. एखादं किरकोळ कर्ज दोन-तीन महिन्यांत संपणार असेल तर मात्र मी ते आधी उडवायला लावतो. एक हप्ता कायमचा मोकळा होतो आणि माणसाला धीर येतो. कोणताही क्रम घ्या, पण एक कर्ज फिटलं की त्याचा हप्ता त्याच महिन्यापासून पुढच्या कर्जाला जोडा. मोकळे झालेले पैसे महिनाभर जरी हातात खेळले तरी ते घरखर्चात मुरतात.

हाताशी काहीच न ठेवणं. महिन्याच्या आवश्यक खर्चाइतके पैसे बाजूला हवेत, कर्जावर कितीही व्याज असलं तरी. हिशेबी माणसं इथे माझ्याशी भांडतात: 20,000 बाजूला ठेवले तर 3 टक्क्यांनी महिन्याला 600 व्याज फुकट जातं. जातं. पण गाडी बंद पडल्यावर कार्ड बाहेर काढावं लागत नाही. ते 600 मी आनंदाने द्यायला सांगतो.

गणित जुळतच नसेल तर

कधी कधी लाल पेन, भागाकार, सगळं करूनही उरणारी रक्कम महिन्याच्या व्याजापेक्षा कमी येते. मग कुठलाही क्रम लावला तरी कर्ज वाढतच जाणार. अशा वेळी काटकसरीचे सल्ले देणाऱ्यांचा मला राग येतो. इथे उत्पन्न वाढवणं, काहीतरी विकणं किंवा कर्ज देणाऱ्याशी बोलणं, एवढेच मार्ग उरतात. आणि बोलायचं ते हप्ता चुकण्याच्या आधी. चुकल्यावर विलंब शुल्क लागतं, नोंद खराब होते आणि समोरच्याचा सूरही बदलतो. आधी गेलात तर मुदत वाढवून मिळण्याची शक्यता जास्त असते. जाताना बारा महिन्यांचा हिशेब आणि "मी दरमहा इतके नक्की भरू शकतो" असा एक आकडा घेऊन जा. ठरेल ते लेखी घ्या, फोनवरच्या आश्वासनावर विसंबू नका.

शेवटचा हप्ता भरताना होणारी चूकही सांगून ठेवतो. हप्ता गेला म्हणजे खातं बंद झालं, असं धरून चालू नका. आदल्या बिलानंतरचं थोडं व्याज बाकी राहतं, त्यावर शुल्क लागतं, आणि वर्षभराने चांगली माणसं थकबाकीदार म्हणून नोंदली जातात. खातं बंद करण्यासाठी लागणारी नेमकी रक्कम त्या दिवसाची विचारून घ्या, ती भरा, कर्ज फिटल्याचं पत्र मागा आणि खात्यातून आपोआप जाणारा हप्ता रद्द झालाय का ते पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये बघा. दोन-तीन महिन्यांनी आपला क्रेडिट अहवाल काढून तिथेही ते कर्ज बंद दिसतंय ना, याची खात्री करा. दिसत नसेल तर ते पत्र जोडून तक्रार करा.