डॅनिश शिकताना या चुका टाळा

‘जर्मन येते, म्हणजे डॅनिश निम्मी आलीच’ असे समजणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात आणि दर वर्षी एकाच खड्ड्यात पडतात. या समजुतीला थोडा आधार आहे, कारण मध्ययुगात हान्सा या व्यापारी शहरांच्या संघाच्या व्यापाऱ्यांबरोबर उत्तर जर्मनीतील बोलीचे शब्द डॅनिशमध्ये इतके शिरले की पैसे देणे, काम करणे यांसारखी रोजची क्रियापदेही तिने तिकडूनच घेतली आहेत. परंतु डॅनिश ही स्वीडिश, नॉर्वेजियन, आइसलँडिक आणि फेरोईज यांच्या उत्तर जर्मानिक शाखेतील भाषा आहे. तिच्यात क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलत नाही आणि निश्चित उपपद नामाच्या शेवटी चिकटते. ‘हूस’ म्हणजे घर आणि ‘हूसेट’ म्हणजे ते विशिष्ट घर. जर्मनच्या सवयीने प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू करू नये. ती पद्धत 1948 च्या लेखनसुधारणेत रद्द झाली.

सर्वांत महाग पडते ती संख्यांची चूक. जर्मन उत्तम येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने कोपनहेगनमध्ये भाड्याच्या खोलीसाठी घरमालकिणीचा दूरध्वनी क्रमांक तोंडी ऐकून लिहून घेतला. तिकडे आठ आकडे दोन-दोनच्या जोड्यांनी सांगतात. ‘ट्रेस’मध्ये तिला ‘तीन’ ऐकू आले म्हणून तिने 30 लिहिले आणि ‘हालफेम्स’मध्ये ‘पाच’ ऐकू आले म्हणून 50 लिहिले. प्रत्यक्षात ते 60 आणि 90 होते. ती भलत्याच गृहस्थांना पुन्हा पुन्हा फोन करत राहिली आणि तोवर खोली दुसऱ्या कोणाला गेली.

पन्नासपासून नव्वदपर्यंतचे दशक डॅनिशमध्ये विसांनी मोजले जातात, आणि आपल्याकडे बाजारात विसा मोजणाऱ्या आजीबाईंना ही रीत स्वीडिश माणसापेक्षा लवकर कळेल, कारण स्वीडिशमध्ये पन्नास म्हणजे सरळ पाच दहा. मी वहीच्या समासात असे लिहून ठेवतो: हालट्रेस अडीच विसा, ट्रेस तीन विसा, हालफ्येर्स साडेतीन विसा, फीर्स चार विसा, हालफेम्स साडेचार विसा. एकक आधी येते हेही आपल्या पंचवीस-सत्तावीसप्रमाणेच आहे. तक्ता पाठ करण्याऐवजी भ्रमणध्वनीवरील अॅपवर विसंबणाऱ्यांना माझ्याकडे सांगण्यासारखे काही नाही.

उच्चार अक्षरांवरून ठरवू नये. शब्दातील निम्मी अक्षरे बोलताना गळतात, मृदू ‘ड’ नवख्या कानाला ‘ल’सारखा वाटतो, आणि ‘ती’ व ‘कुत्रा’ या शब्दांत फरक उरतो तो केवळ ‘स्टोड’चा, म्हणजे घशातील क्षणिक अडखळीचा. मी मजकूर झाकून आधी डॅनिश रेडिओवरील बातम्या ऐकायला लावतो; अधीर मंडळी पहिल्याच आठवड्यात वृत्तपत्र उघडतात आणि नंतर दुकानात एक वाक्यही समजत नाही म्हणून तक्रार करतात.

नॉर्वेजियन पुस्तकावरून डॅनिश वाचायला हरकत नाही, कारण 1814 पर्यंत दोन्ही देश एका राजाखाली होते आणि नॉर्वेतील बोकमोल ही लेखी भाषा लेखी डॅनिशमधूनच घडली. मात्र ‘फ्रोकोस्ट’ हे नॉर्वेत सकाळचे आणि डेन्मार्कमध्ये दुपारचे खाणे असते, एवढे ध्यानात ठेवावे. स्वीडिशमध्ये ‘रोलिग’ म्हणजे गमतीदार, तर डॅनिशमध्ये शांत. फिनिशला या कुटुंबात ओढू नये. आणि शब्दकोशात ‘ऑर्हूस’ पहिल्या पानांवर शोधू नये. त्या शहराने 2011 मध्ये जुने दुहेरी ‘ए’चे लेखन पुन्हा स्वीकारले असले, तरी ही जोडी वर्णमालेच्या अगदी शेवटच्या अक्षराखालीच लावली जाते.