गव्हर्नरला मत देण्याआधी: दुसरा रकाना विसरू नका

नोव्हेंबर २०२६ मध्ये अमेरिकेतली ३६ राज्यं गव्हर्नर निवडणार आहेत. तुम्ही तिथले मतदार असाल आणि उमेदवारांच्या पर्यावरणाबद्दलच्या भूमिका ताडून बघायच्या असतील, तर सप्टेंबरातच वही उघडा आणि तीन रकान्यांचा तक्ता आखा. २०२५ला न्यू जर्सीत मी हे काम दिवाळीनंतर केलं, घाईत केलं आणि चुकवलं.

मतदारनोंदणी, पत्ता, तारखा बघून घ्या. पुढे.

पहिला रकाना वचनांचा. ‘स्वच्छ हवा, स्वच्छ पाणी’ उतरवू नका, ते सगळेच म्हणतात. नेमकं काय करणार, हे असेल तेवढंच घ्या. आमच्याकडे रिपब्लिकन उमेदवार जॅक चिटरेली म्हणत होते, किनाऱ्यासमोरच्या समुद्रात पवनचक्क्या होऊ देणार नाही आणि राज्याला ‘रेगी’तून काढणार. रेगी म्हणजे वीजकेंद्रांना कार्बनची किंमत मोजायला लावणारा राज्यांचा गट. डेमोक्रॅटिक उमेदवार मिकी शेरिल म्हणत होत्या, वीजखर्चावरून आणीबाणी जाहीर करून दर गोठवणार. इतकं स्पष्ट मिळालं की लिहा.

आता दुसरा रकाना. माझ्याकडून हाच राहिला. प्रत्येक वचनासमोर लिहा: हे गव्हर्नरच्या हातात आहे का? स्वतःच्या सहीने होतं, विधिमंडळ लागतं, की निर्णय वॉशिंग्टनचा? माझा नीटनेटका तक्ता मी ओळखीच्या चार घरी पाठवला. एका काकांनी विचारलं, “अगं, पण हे त्यांना करता येतं का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि दोघांनी तोवर तक्ता बघून टपालाची मतपत्रिका पाठवूनही दिली होती. मला ते अजून लागतं.

विजेचंच घ्या. जून २०२५ पासून आमची बिलं साधारण १७ ते २० टक्के चढली. १३ राज्यं आणि राजधानीची ग्रिड सांभाळणाऱ्या पीजेएमच्या क्षमता-लिलावात (गरजेला वीज पुरवायला तयार राहण्याचे पैसे वीजकेंद्रांना यातून मिळतात) भाव एका झेपेत दर मेगावॉट-दिवसाला सुमारे २९ डॉलरवरून २७० डॉलरवर गेला होता, हे त्यामागचं मोठं कारण. त्या लिलावावर गव्हर्नरचा हुकूम चालत नाही. मात्र वीजदरांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या बोर्ड ऑफ पब्लिक युटिलिटीजचे पाचही सदस्य गव्हर्नर नेमतो, राज्याच्याच सिनेटच्या संमतीने. म्हणजे विचारायचं ते ‘बोर्डावर कोणाला बसवणार?’ हे.

पवनचक्क्यांचंही तसंच. खोल समुद्रातली जागा केंद्र सरकार भाड्याने देतं, राज्याच्या हातात मुख्यतः वीजखरेदी. ऑर्स्टेड कंपनीने ऑक्टोबर २०२३ मध्ये इथले दोन प्रकल्प सोडले, तेव्हा गव्हर्नर मर्फी पवनऊर्जेच्या बाजूचेच होते. रेगी मात्र खरंच हातातली गोष्ट: तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टींनी २०११ मध्ये राज्याला बाहेर काढलं, मर्फींनी २०२० मध्ये परत आणलं. पण शेजारच्या पेनसिल्व्हेनियात गव्हर्नरच्या पातळीवर झालेला रेगीप्रवेश २०२३ मध्ये कोर्टाने रद्द ठरवला. राज्य बदललं की दुसरा रकाना नव्याने भरायचा, माझा उतरवून घेऊ नका!

जॉर्जियात पब्लिक सर्व्हिस कमिशनचे पाच सदस्य लोक निवडतात, ॲरिझोनातही वीजदरांचं कमिशन निवडून येतं. तिथे दराचं वचन देणाऱ्या गव्हर्नरपदाच्या उमेदवारावर भरवसा टाकण्याआधी कमिशनची मतपत्रिका बघा. कॅलिफोर्नियात मात्र अशा कमिशनचे सदस्य गव्हर्नर नेमतो. तिथे ‘कोणाला बसवणार?’ हे विचारलंच पाहिजे.

आदेश आणि कायदा यांतला फरकही याच रकान्यात. मर्फींचं ‘२०३५ पर्यंत शंभर टक्के स्वच्छ वीज’ हे उद्दिष्ट कार्यकारी आदेशाने आलं होतं. पुढचा गव्हर्नर ते एका सहीने पुसू शकतो.

तिसरा रकाना, आधीची मतं. शेरिल काँग्रेसमध्ये होत्या, चिटरेली राज्याच्या असेंब्लीत, त्यामुळे दोघांचीही नोंद मिळत होती. संघटनांची गुणपत्रकं वाचा, पण ती कुणाची आहेत हे बघून.

देणगीदार: राज्याच्या निवडणूक-खर्च नोंदीत सापडतात. वादविवाद: एक पुरे.

पूर, शिशाचे नळ, तुमच्या गावचा कचरा, जे जवळचं असेल ते शेवटी जोडा. आणि तक्ता कुणाला पाठवण्याआधी दुसरा रकाना वरपासून खालपर्यंत भरलाय का ते बघा. एक जरी चौकट रिकामी असेल तरी पाठवू नका.