स्प्रिंगचं उत्तर बरोबर, गाडी मात्र खाली बसलेली

गाडीच्या सस्पेन्शनमधल्या स्प्रिंगचा कडकपणा, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबायला लागणारा जोर, काढायचं सूत्र तुम्हाला पाठ असेलच. जी (धातूचा शिअर मॉड्युलस, म्हणजे पिळाला होणारा विरोध) गुणिले तारेच्या जाडीचा चौथा घात, भागिले आठ गुणिले मध्यव्यासाचा (वेटोळ्याचा व्यास, तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत) घन गुणिले चालू, म्हणजे प्रत्यक्ष दबणारी, वेटोळी. माझी तार 12 मिलिमीटर, मध्यव्यास 100, वेटोळी 6. स्टीलचा जी 79,000 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरला, उत्तर 34.1 न्यूटन प्रति मिलिमीटर. (व्हर्नियर लावण्याआधी तारेवरचा रंग खरवडा. 12 ऐवजी 12.5 मोजलंत तर उत्तर 18 टक्क्यांनी फुगतं. आणि बाहेरचा व्यास घालू नका, कृपा करून.)

मी फसलो तो यापुढे. स्प्रिंग होती चाक धरणाऱ्या आर्मवर, चाकापासून आत. चाक 10 मिलिमीटर उचललं की ती 7 च दबायची, म्हणजे मोशन रेशो 0.7. मी 34.1 ला 0.7 ने गुणलं, चाकापाशी कडकपणा म्हणून 23.9 लिहिलं आणि निवांत झोपलो.

गुणायचं दोनदा असतं! चाक 10 वर गेलं, स्प्रिंग 7 दबली, जोर झाला 239 न्यूटन. पण तो स्प्रिंगपाशी. आर्म म्हणजे तरफ, चाकापाशी त्यातले 0.7 च पोचतात: 167. दहा मिलिमीटरला 167, म्हणजे 16.7. हालचालीत एकदा कापलं जातं, जोरात पुन्हा एकदा. हे वहीत चित्र काढून करा, नुसतं वाचून डोक्यात राहत नाही.

शंका तरी कशी यावी? कोपऱ्यावर, म्हणजे एका चाकावर, 300 किलो धरले तर 23.9 ने गाडी वर-खाली हलण्याची वारंवारता 1.42 हर्ट्झ येते, 16.7 ने 1.19. प्रवासी गाडीला दोन्ही शोभतात.

सिनियरच्या एक्सेल शीटवर माझा राग आहे. मोशन रेशो कोणी स्प्रिंग भागिले चाक घेतं, कोणी उलटा, आणि रकान्यावर ते लिहिलेलं नसतं. आमचे सर उत्तर सांगायचे नाहीत, "मोजून बघ" म्हणायचे. तेव्हा चीड यायची. खरं सांगायचं तर अजूनही येते.

घाबरू नका, ताळा सोपा आहे. पुढच्या दोन्ही चाकांच्या बरोबर वर 50-50 किलो ठेवा, गाडी दोन-तीनदा दाबून सोडा, मग ती किती खाली बसली ते मोजा. मला 23.9 ने साडेवीस मिलिमीटर अपेक्षित होते, भरले जवळपास 29. मोजायचं ते चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत; जमिनीपासून मोजलंत तर टायरचं दबणंही त्यात येईल.