लिंक पाठवली, पण कुणालाच उघडेना

सोसायटीच्या वार्षिक सभेआधी सगळ्यांना हिशेब पाठवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जीमेलचं खातं नवंकोरं. बिलांचे स्कॅन जोडले तर फाइल जीमेलच्या २५ एमबीच्या मर्यादेवर गेली. ती आपोआप गूगल ड्राइव्हवर (गूगलच्या ऑनलाइन साठवणीत) चढली आणि मेलमध्ये नुसती लिंक उरली. बरं झालं म्हटलं. मग हिशेबाच्या गूगल शीटचीही लिंक कॉपी करून ग्रुपवर टाकली.

तासाभरात परवानगी मागणाऱ्या मेलांची रांग! शीट मुळात 'रिस्ट्रिक्टेड' असते, म्हणजे परवानगी दिलेल्यांनाच उघडते, हे मला कुठं ठाऊक? वैतागून शेअरमध्ये 'एनीवन विथ द लिंक' (लिंक असलेल्या कुणालाही) केलं आणि शेजारी 'एडिटर' निवडलं, म्हणजे कुणीही बदल करू शकेल असं. इथंच माती खाल्ली. रात्री बघतो तर टँकरच्या खर्चाची ओळच गायब. कुणाचं बोट लागलं देव जाणे (टँकरवरून आधीच वाद होते, ते वेगळंच).

भाचीला फोन लावला. "मामा, फाइल मेनूत व्हर्जन हिस्टरी बघ ना, जुन्या प्रती असतात तिथं." दुपारची प्रत सापडली, 'रिस्टोर' दाबलं, ओळ परत आली. लगेच लिंकवाल्यांना 'व्ह्यूअर' (फक्त बघणारे) केलं आणि खजिनदारांचा ईमेल वेगळा घालून फक्त त्यांना 'एडिटर' ठेवलं.