वांगं खा, पण सालासकट आणि कमी तेलात

वांग्याला आपल्याकडे उगाच बदनाम केलंय. 100 ग्रॅम कच्च्या वांग्यात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं, कॅलरी जेमतेम 25 आणि तंतू सुमारे 3 ग्रॅम. म्हणजे पोट भरतं, वजन वाढत नाही, पोटही साफ राहतं. थोडं पोटॅशियमही मिळतं. प्रथिनं मात्र नावालाच, म्हणून सोबत डाळ किंवा दाण्याचं कूट हवंच.

खरी गंमत सालात आहे. जांभळा रंग ज्या अँथोसायनिनमुळे येतो, ते अँटिऑक्सिडंट गरात नसून सालात असतं. त्यामुळे भरली वांगी किंवा रस्सा करताना साल काढू नका. भरताला ते काढावंच लागतं, त्याला इलाज नाही. (जळगावची भरताची वांगी तशीही हिरवट, तिथे जांभळ्या सालाचा प्रश्नच येत नाही!)

घोळ होतो तो तेलात. वांग्याचा गर स्पंजासारखा असतो. कढईत टाकलं की तेल गडप, आणि आपण वरून आणखी ओततो. त्यापेक्षा फोडी आधी पाच मिनिटं वाफवून घ्या. गर बसतो, मग दोन चमचे तेलातही काचऱ्या छान परततात. चिरलेल्या फोडी मिठाच्या पाण्यात ठेवा, काळ्या पडत नाहीत.

घेताना हातात जड लागणारं, चकचकीत सालाचं, हिरव्या देठाचं वांगं उचला. आकाराच्या मानाने हलकं लागलं तर ते जून आणि बियाळ निघतं. वांगं खाऊन तोंडाला खाज सुटत असेल तर मात्र ते टाळाच.